विजेत्यावर डोपिंगचा आरोप होतो तेव्हा पाहणाऱ्याने काय पाहावे?

वारज्यातील एका पालकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचा सोळा वर्षांचा मुलगा गेली तीन वर्षे सायकलिंगचा सराव करतो आणि पहाटे खडकवासला, डोणजे मार्गे सिंहगड चढतो. त्याच्या सरावगटात लान्स आर्मस्ट्राँगवरून, म्हणजे सात वेळा टूर द फ्रान्स जिंकून पुढे उत्तेजके घेतल्यामुळे (डोपिंग) ती सगळी विजेतेपदे गमावलेल्या अमेरिकन सायकलपटूवरून, कडाक्याचा वाद झाला. काही मुलांचे म्हणणे असे की त्या काळात सगळेच घेत होते, त्या एकट्याचा बळी दिला गेला. उरलेल्यांचे म्हणणे असे की तो तसा होता, तर आजचे विजेतेही तसेच असणार आणि त्यांचे कौतुक करण्यात अर्थ नाही. मुलाने घरी येऊन वडिलांना विचारले की एखाद्या विजेत्यावर आरोप झाला तर विश्वास कोणावर ठेवायचा, आणि वडिलांनी तो प्रश्न माझ्याकडे पाठवला. मुलाला दमा आहे आणि तो पंप वापरतो, अशी पुस्ती त्यांनी पत्राच्या शेवटी जोडली आहे. तिच्याकडे मी शेवटी येईन.

पुण्यात क्रीडावैद्यकाचा व्यवसाय करून मला सव्वीस वर्षे झाली. या काळात अनेक शर्यतींमध्ये वैद्यकीय गाडीत बसलो आहे, बोरघाट चढताना धाप लागलेल्या मुलांना प्राणवायू दिला आहे, आणि ‘डॉक्टर, काहीतरी द्या’ हे वाक्य मुलांकडून, त्यांच्या प्रशिक्षकांकडून आणि क्वचित त्यांच्या आईवडिलांकडूनही ऐकले आहे. तरीही कबूल करायला हवे की आर्मस्ट्राँगच्या बाबतीत मी स्वतः बरीच वर्षे चुकीच्या बाजूला उभा होतो. २००५ च्या सुमारास डेक्कनवरच्या पदपथावर त्याच्या कर्करोगग्रस्तांसाठीच्या संस्थेच्या पिवळ्या मनगटी पट्टीच्या नकला सर्रास मिळत. तशी एक माझ्या मनगटावर होती, आणि ती बांधून मी रुग्ण तपासत असे.

त्या काळी आम्हाला माहिती मिळत नव्हती म्हणून आम्ही फसलो, असे मात्र म्हणता येत नाही. ऑक्टोबर १९९६ मध्ये त्याला अंडकोषाच्या कर्करोगाचे निदान झाले, तो फुप्फुसात आणि मेंदूतही पसरलेला होता, आणि तीन वर्षांच्या आत, जुलै १९९९ मध्ये, त्याने टूर द फ्रान्स ही तीन आठवड्यांची सायकल शर्यत जिंकली. त्याच स्पर्धेत त्याच्या लघवीच्या नमुन्यात डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न चालणाऱ्या कॉर्टिकोस्टेरॉइडचा अंश सापडला होता. खोगिराने झालेल्या जखमेवरचे मलम वापरल्याची चिठ्ठी संघाने दाखवली, आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाने ती मान्य केली आणि विषय मिटला. ती चिठ्ठी मागची तारीख घालून तयार केली होती, असे संघात मालिश आणि देखभाल करणाऱ्या एमा ओ’रायली यांनी पुढे सांगितले. २००५ च्या ऑगस्टमध्ये ‘लेकिप’ या फ्रेंच क्रीडा दैनिकाने छापले की १९९९ चे जपून ठेवलेले नमुने नव्या पद्धतीने तपासले असता त्याच्या सहा नमुन्यांत ईपीओ हे तांबड्या पेशी वाढवणारे औषध आढळले. ही सगळी माहिती वृत्तपत्रांतून येत होती आणि आम्ही ती वाचतही होतो. पण कर्करोगातून उठून आलेला माणूस जग जिंकतो ही कथा आम्हाला हवी होती, त्यामुळे बातमी आणणाऱ्याच्या हेतूवरच आम्ही शंका घेतली. फ्रेंचांना अमेरिकन माणूस जिंकलेला पाहवत नाही, हे वाक्य मी स्वतः जेवणाच्या टेबलावर मोठ्या आत्मविश्वासाने उच्चारलेले आहे.

आर्मस्ट्राँगच्या बचावाचा मुख्य आधार असा होता की शेकडो चाचण्या होऊनही तो कधी दोषी आढळला नाही. सामान्य माणसाला हा युक्तिवाद बिनतोड वाटतो, म्हणून त्याची वैद्यकीय बाजू जरा सविस्तर सांगतो.

ईपीओ, म्हणजे एरिथ्रोपोएटिन, हे संप्रेरक आपली मूत्रपिंडे तयार करतात आणि त्याच्या आदेशाने अस्थिमज्जेत तांबड्या पेशी बनतात. मूत्रपिंडे निकामी झालेल्या माणसात ते पुरेसे तयार होत नाही, म्हणून डायलिसिसच्या रुग्णांना त्याचे इंजेक्शन द्यावे लागते. पुण्यात कोणत्याही डायलिसिस केंद्राजवळच्या औषधाच्या दुकानातील फ्रिजमध्ये ते मिळेल. निरोगी सायकलपटूने तेच घेतले, तर रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण वाढते, स्नायूंना अधिक प्राणवायू मिळतो आणि तीन आठवडे चालणाऱ्या स्पर्धेत घाटामागून घाट चढताना इतरांची दमछाक होते तेव्हा हा माणूस चढतच राहतो. मात्र रक्त दाट होते आणि गुठळी होण्याचा धोका वाढतो. १९९० च्या दशकात हे औषध शर्यतींत पसरले तेव्हा ते ओळखण्याची चाचणीच उपलब्ध नव्हती. म्हणून १९९७ मध्ये महासंघाने एक कामचलाऊ मर्यादा घातली. रक्तातील तांबड्या पेशींचा वाटा, ज्याला आम्ही हिमॅटोक्रिट म्हणतो, तो पुरुषांमध्ये ५० टक्क्यांच्या वर गेला, तर खेळाडूला प्रकृतीच्या कारणास्तव काही दिवस थांबवायचे. याच नियमाने इटलीच्या मार्को पान्तानीला जून १९९९ मध्ये, जिरो द’इतालिया ही तिथली मोठी शर्यत जवळजवळ जिंकलेली असताना, स्पर्धेबाहेर काढले गेले.

लघवीतून ईपीओ ओळखण्याची चाचणी २००० मध्ये, सिडनी ऑलिंपिकच्या वेळी, प्रथम वापरात आली. तिलाही पळवाटा निघाल्या. अगदी थोडी मात्रा थेट शिरेतून घेतली तर काही तासांतच तिचा मागमूस उरत नाही. तपासनीस दारात आल्याचे कळताच सलाईन चढवून रक्त पातळ करता येते. आणि महिनाभर आधी काढून ठेवलेले स्वतःचेच रक्त स्पर्धेदरम्यान परत चढवले, तर त्यात परके असे काही नसतेच, त्यामुळे ते थेट पकडणारी चाचणी कोणत्या प्रयोगशाळेने करायची? म्हणूनच २००८ पासून महासंघाने जैविक पारपत्र सुरू केले, ज्यात एका नमुन्यावरून निर्णय न घेता त्याच खेळाडूच्या रक्ताच्या नोंदी वर्षानुवर्षे शेजारी मांडून अनैसर्गिक चढउतार शोधले जातात. सांगायचा मुद्दा असा की ‘चाचणीत सापडला नाही’ याचा अर्थ त्या दिवशी, त्या घटकेला, त्या चाचणीला जे दिसू शकत होते ते दिसले नाही, एवढाच होतो. हे मला डॉक्टर म्हणून १९९९ मध्येही ठाऊक होते, आणि त्यामुळे माझी चूक सामान्य चाहत्याच्या चुकीपेक्षा मोठी आहे.

शेवटी त्याला पकडले ते चाचणीने नव्हे. ऑक्टोबर २०१२ मध्ये अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेने जो निर्णय प्रसिद्ध केला त्याच्यामागे हजाराहून अधिक पानांचा पुरावा आणि २६ जणांच्या साक्षी होत्या, त्यांत त्याचे ११ माजी संघसहकारी होते. २२ ऑक्टोबरला महासंघाने सातही विजेतेपदे काढून घेतली. येथे लोकांच्या प्रतिक्रियेचा क्रम पाहण्यासारखा आहे. ऑगस्टमध्ये त्याने आरोपांविरुद्ध लवादापुढे लढण्यास नकार दिला, तेव्हा त्याच्या संस्थेकडे येणाऱ्या देणग्या घटल्या नाहीत, उलट वाढल्या. नायके कंपनी तोवर त्याच्या पाठीशी होती. साक्षी प्रसिद्ध झाल्यावर आठवडाभरात, १७ ऑक्टोबरला, तिने करार मोडला, आणि मग ज्यांनी सात वर्षे टाळ्या वाजवल्या होत्या त्यांनाच आपण फसवले गेल्याचा सर्वाधिक संताप आला. जानेवारी २०१३ मध्ये त्याने दूरचित्रवाणीवर कबुली दिली, तोपर्यंत पुण्यातल्या माझ्या ओळखीच्या प्रत्येकाला हे ‘आधीपासूनच माहीत’ होते. मी माझी पट्टी केव्हा काढून टाकली ते मला आठवत नाही, आणि ते न आठवणे सोयीचे आहे हेही मला कळते.

या क्रमात जी माणसे झाकली जातात त्यांच्याविषयी तुमच्या मुलाला सांगा, कारण मुलांच्या वादात त्यांचे नाव सहसा येत नाही. एमा ओ’रायली यांनी खरे सांगितले तेव्हा त्यांच्यावर खटला भरला गेला आणि त्यांच्या चारित्र्याविषयी गलिच्छ बोलले गेले. संघसहकाऱ्याची पत्नी बेट्सी आन्द्रेऊ यांनी सांगितले की १९९६ मध्ये इस्पितळाच्या खोलीत त्याने डॉक्टरांपुढे उत्तेजके घेतल्याचे मान्य केले होते. त्यांना अनेक वर्षे द्वेषाने पछाडलेली बाई ठरवले गेले. तीन वेळा टूर जिंकलेल्या ग्रेग लेमाँड यांनी २००१ मध्ये शंका व्यक्त केली, तर त्यांना जाहीर दिलगिरी प्रसिद्ध करावी लागली. क्रिस्तोफ बासाँ या फ्रेंच खेळाडूने १९९९ च्या स्पर्धेत वृत्तपत्रात स्पष्टपणे लिहिले, तेव्हा सहकाऱ्यांनी त्याच्याशी बोलणे टाकले, आर्मस्ट्राँगने त्याला भर शर्यतीत सुनावले आणि तो स्पर्धा संपण्याआधीच घरी गेला. ही माणसे एकाकी पडली ती एकट्या आर्मस्ट्राँगच्या ताकदीमुळे नव्हे. माझ्यासारखे लाखो लोक त्याच्या बाजूने बोलत होते आणि त्यांच्यावर खटले भरणाऱ्या वकिलांना आमचे पाठबळ होते.

आता ‘सगळेच घेत होते’ या म्हणण्याकडे वळू. यात तथ्य आहे. १९९९ ते २००५ या सात स्पर्धांत पहिल्या तिघांत आलेल्यांच्या एकूण २१ जागा होतात आणि त्यांपैकी २० जागांवरील खेळाडूंचा डोपिंगशी थेट संबंध दिसून आल्याचे त्याच अमेरिकन संस्थेने नोंदवले आहे. म्हणूनच ती विजेतेपदे दुसऱ्या कोणाला न देता रिकामी ठेवली गेली. पण यावरून शर्यत समान पातळीवर होती असे जे अनुमान काढले जाते, ते शरीरशास्त्राला धरून नाही. ज्याचे नैसर्गिक हिमॅटोक्रिट ४२ आहे त्याला ५० च्या मर्यादेपर्यंत आठ अंकांची वाढ मिळते, आणि ज्याचे जन्मतःच ४८ आहे त्याला जेमतेम दोन अंकांची. म्हणजे ज्याला निसर्गाने अधिक दिले होते त्याचाच लाभ औषधाने पुसून टाकला. शिवाय औषधाला प्रत्येक शरीर सारखा प्रतिसाद देत नाही, आणि सर्वांचे डॉक्टर व पैसा सारखे नसतात. ‘सगळेच’ या शब्दातून आपण बासाँसारख्यांना वगळतो, हे तर आहेच. ते पहिल्या तिघांत नव्हते म्हणून ते मोजले जात नाहीत, आणि ते पहिल्या तिघांत का नव्हते हे कोणी विचारत नाही.

दुसऱ्या गटाची चूक नेमकी उलटी आहे आणि आर्मस्ट्राँगनंतर तीच अधिक पसरली. ब्रिटिश सायकलपटू ख्रिस फ्रूम याच्यावर २०१५ च्या टूरमध्ये कोणताही आरोप सिद्ध झालेला नसताना एका प्रेक्षकाने लघवीने भरलेला पेला फेकला. पुढे सप्टेंबर २०१७ मध्ये स्पेनच्या वुएल्ता स्पर्धेत त्याच्या लघवीत साल्ब्युटामॉलचे प्रमाण मर्यादेच्या सुमारे दुप्पट आढळले. साल्ब्युटामॉल म्हणजे दम्याच्या पंपातले औषध. ते ठरावीक मात्रेपर्यंत घेण्याची मुभा असते, आणि जास्त आढळल्यास खुलाशाची संधी दिली जाते. ही चौकशी गोपनीय राहायला हवी होती, पण डिसेंबरमध्ये बातमी फुटली आणि पुढचे सात महिने जगाच्या दृष्टीने निकाल लागलेलाच होता. २ जुलै २०१८ रोजी महासंघाने प्रकरण बंद केले, कारण श्वासातून घेतलेल्या या औषधाचे लघवीतील प्रमाण पाण्याची कमतरता आणि इतर कारणांनी बरेच बदलू शकते. पाचच दिवसांनी सुरू झालेल्या टूरमध्ये लोकांनी तरीही त्याची हुर्यो उडवली. फ्रूम सर्वस्वी निर्मळ आहे असे प्रमाणपत्र मी येथे देत नाही, तसे कोणालाच देता येणार नाही. पण पंपातल्या औषधाची वाढलेली मात्रा आणि २६ जणांच्या शपथेवरच्या साक्षी यांना एकाच तराजूत टाकणे म्हणजे पुराव्याकडे पाहायचेच नाही असे ठरवणे होय.

हे सगळे युरोपातल्या लोकांचे झाले, असे वाटत असेल तर २०१६ चा ऑगस्ट आठवून पाहा. तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेला नरसिंग यादव रिओ ऑलिंपिकला निघालेला असताना त्याच्या नमुन्यांत मेथँडिएनोन हे स्टेरॉइड सापडले. आपल्याकडच्या तालमींपासून चहाच्या टपऱ्यांपर्यंत एकमुखाने एकच निष्कर्ष निघाला, की कोणीतरी अन्नात कालवले. राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या समितीने १ ऑगस्टला त्याला निर्दोष ठरवले तेव्हा आनंद साजरा झाला. पण जागतिक संस्थेने अपील केले आणि १८ ऑगस्टला क्रीडा लवादाने चार वर्षांची बंदी घातली. औषधाचे नमुन्यातील प्रमाण पाहता ते पेयात भुकटी टाकल्याने आलेले नसून गोळीच्या रूपात पोटात गेले असावे, असे तज्ज्ञाचे मत लवादापुढे होते आणि घातपाताचा पुरावा लवादाला पुरेसा वाटला नाही. माझ्या माहितीतील कितीतरी जण आजही कटाचीच गोष्ट सांगतात. कट नसेलच असे मीही छातीठोकपणे म्हणणार नाही, पण ते जण लवादाचा निर्णय वाचून तसे म्हणतात का, असे विचारल्यावर आजवर एकानेही होकार दिलेला नाही.

मग आरोप झाला की काय करावे? मी हल्ली सर्वप्रथम आरोपाची जात पाहतो. केवळ कामगिरी अविश्वसनीय आहे म्हणून उठलेला संशय असेल, तर तो मनात ठेवतो आणि बोलत नाही. नमुना दोषी आढळला असेल, तर द्रव्य कोणते हे पाहतो, कारण खोकल्याच्या औषधातून सहज जाऊ शकणारे द्रव्य आणि मुद्दाम टोचून घेतल्याशिवाय शरीरात येऊ न शकणारे द्रव्य यांत जमीनअस्मानाचा फरक असतो. ‘ब’ नमुना, म्हणजे फेरतपासणीसाठी राखून ठेवलेला दुसरा भाग, उघडला गेला का, खेळाडूने स्वतःचा खुलासा शपथेवर दिला की फक्त पत्रकार परिषदेत, हेही पाहतो. आणि कोणी साक्ष देत असेल, तर साक्षीदाराचा त्यात काय फायदा आणि काय तोटा हे तपासतो. एमा ओ’रायली यांचा फायदा शोधायला मी २००४ मध्ये पाच मिनिटे जरी दिली असती, तरी तो नगण्य आणि तोटा प्रचंड आहे हे माझ्या ध्यानात आले असते. निकाल लागेपर्यंत ‘मला अजून ठरवता येत नाही’ असे म्हणायला पुणेकराला फार कष्ट पडतात, याची मला कल्पना आहे.

मुलाच्या गटासाठी आणखी एक गोष्ट सांगतो. जागतिक संस्थेच्या २०२२ च्या आकडेवारीत भारताचे ३,८६५ नमुने तपासले गेले आणि त्यांत १२५ दोषी आढळले, म्हणजे ३.२ टक्के, मोठ्या प्रमाणावर चाचण्या करणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वाधिक होते. तेव्हा टूरच्या घाटातले कोण कसे, यावर भांडण्याइतकेच बालेवाडीच्या वेलोड्रोमवर आणि व्यायामशाळेत बिनबिलाच्या पावडरींचे डबे कोण विकतो, यावरही त्यांनी बोलावे. माझ्याकडे आलेल्या एका मुलाने ‘आयुर्वेदिक’ म्हणून विकत घेतलेली भुकटी दाखवली होती. तिच्या वेष्टणावर ना घटक लिहिले होते ना उत्पादकाचा पत्ता. जानेवारी २०२६ मध्ये महासंघाच्या मान्यतेची पुणे ग्रँड टूर आपल्या रस्त्यांवरून गेली, तेव्हा आता आपल्याही मुलांना त्या दर्जाच्या शर्यती आणि त्या दर्जाच्या चाचण्या दूर राहिलेल्या नाहीत.

आता पंपाविषयी. मुलगा घेतो ते साल्ब्युटामॉल असेल, तर २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅमपर्यंत, आणि तेही एकदम न घेता विभागून, श्वासातून घेण्यास परवानगी आहे; नेहमीच्या दोन-चार फवाऱ्यांनी ही मर्यादा जवळपासही येत नाही. तेच औषध गोळी किंवा पातळ औषधाच्या रूपात मात्र बंदी असलेल्या यादीत मोडते. टर्ब्युटालीन हे दम्याचेच दुसरे औषध तर कोणत्याही रूपात आधी वैद्यकीय सवलतीचा अर्ज मंजूर झाल्याशिवाय चालत नाही, आणि ते आपल्याकडे खोकल्याच्या साध्या औषधांत सर्रास असते. क्रिकेटपटू पृथ्वी शॉ याच्यावर २०१९ मध्ये याच द्रव्यापायी आठ महिन्यांची बंदी आली आणि ते खोकल्याच्या औषधातून गेल्याचा त्याचा खुलासा मंडळाने मान्य केला होता. पुढच्या भेटीला येताना मुलाचा पंप, घरातली खोकल्याची बाटली आणि पावडरचा डबा असेल तर तोही, वेष्टणे न फाडता सोबत आणा. मुलालाही आणा, कारण घटकांची नावे त्याने स्वतः वाचून दाखवावीत अशी माझी इच्छा आहे.